‘शूटिंग कुठं लागलंय?’ : जयप्रभाच्या वादामागचं कोल्हापूर

कोल्हापुरात शूटिंग ‘असत’ नाही, ‘लागतं’. टॉकीजला सिनेमा लागतो तसं पन्हाळ्यावर शूटिंग लागतं, भवानी मंडपात लागतं, पंचगंगेच्या घाटावर लागतं. सकाळी दूध घालायला आलेला माणूस किटली खाली ठेवायच्या आधी सांगतो, ‘रंकाळ्यावर लागलंय बघा.’ मग घरातलं एक तरी पोरगं शाळेऐवजी रंकाळ्यावर. कोण नट आहे, कुठली कंपनी आहे, ही चौकशी नंतरची.

२०२२ च्या फेब्रुवारीत मंगळवार पेठेतल्या जयप्रभा स्टुडिओची जागा दोन वर्षांपूर्वीच विकली गेल्याचं उघड झालं आणि दारात साखळी उपोषण सुरू झालं. मुंबई-पुण्याकडच्या मित्रांचे फोन आले. सगळ्यांचा प्रश्न एकच : जिथं कित्येक वर्षांत कॅमेरा उभा राहिला नाही, त्या जागेसाठी मंडप टाकून बसायचं कारण काय? या प्रश्नाला दोन वाक्यांत उत्तर देता येत नाही.

फार मागचं थोडक्यात. बाबूराव पेंटरांनी १९१७ साली महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. कॅमेरा इथंच बनवला. १९२० च्या ‘सैरंध्री’तला कीचकवध इतका खरा वाटला की सेन्सॉरनं तो कापायला लावला. कंपनीला उभं राहायला पैसा दिला तो इथल्याच एका गायिकेनं. खरी कॉर्नरला आज कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, १ डिसेंबरला त्याला हार पडतो. १९२९ मध्ये त्याच कंपनीतली माणसं बाहेर पडली, त्यांनी प्रभात काढली आणि १९३३ मध्ये ती पुण्याला नेली.

प्रभात गेली हे या गावानं मनाला लावून घेतलं. गेलेल्या कंपनीची जागा भरायला दरबारानं पुढाकार घेतला आणि त्यातून कोल्हापूर सिनेटोन उभं राहिलं. रंकाळ्याकडं शालिनी सिनेटोन झालं. सिनेमा या गावातून जाऊ नये म्हणून संस्थानानं जागा आणि पैसा घातला, एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवा. पुढचं सगळं भांडण तिच्याभोवती फिरतं.

कोल्हापूर सिनेटोन चाळीसच्या दशकात दिग्दर्शक भालजी पेंढारकरांकडं आलं. मुलांच्या नावांवरून त्याचं ‘जयप्रभा’ झालं. गाव त्यांना बाबा म्हणे. १९४८ च्या जानेवारीअखेर गांधीजींची हत्या झाली आणि त्यानंतरच्या जाळपोळीत स्टुडिओ पेटवला गेला. फिती जळाल्या. जळालेल्या चित्रपटांपैकी एक त्यांनी पुन्हा पहिल्यापासून चित्रित केला. कर्ज मात्र मानगुटीवर बसलं ते बसलंच. या जाळपोळीबद्दल आमच्याकडं अजून दबक्या आवाजात बोलतात. कोण बाहेरचं होतं आणि कोण गल्लीतलंच होतं, हे म्हाताऱ्यांना ठाऊक असायचं, पण पोरं जवळ आली की विषय बदलायचा.

मी पाहिलेला काळ याच्या बराच नंतरचा. सत्तरीचं दशक सरता सरताचा आणि ऐंशीचा. सरकारची करमणूक कर परताव्याची योजना आली होती. एका चित्रपटाचा परतावा हातात पडायचा तर दुसरा सुरू करावा लागे, त्यामुळं निर्माते सारखे कुठंतरी नारळ फोडत असत. फडावरचे, पाटलाच्या वाड्यातले, ऊसतोडीचे चित्रपट. आणि त्यांना लागणारा डोंगर, देऊळ, वाडा, बैलगाडी सगळं दहा-पंधरा मैलांत. बाहेरगावचं युनिट इथं उतरायचं त्याचं खरं कारण हेच. माणसंही इथलीच. सेटचे सुतार, रंगारी, दागिने भाड्यानं देणारे, मिशा चिकटवणारे. तालमीतली पोरं मावळे म्हणून जायची. आमच्या आजोबांच्या तोंडी एक वाक्य कायम असे : ‘सकाळी महाराजांकडून लढलो, दुपारी खानाकडून.’ पोशाख बदलला की माणूस तोच. शंभर माणसांत दोन सैन्यं भागवायची तर दुसरं काय करणार?

यालाच ‘मॉबला जाणं’ म्हणतात. मुंबईत पूर्वी ‘एक्स्ट्रा’ म्हणत, पुढं तो शब्द अपमानाचा ठरून ‘ज्युनिअर आर्टिस्ट’ आला, कार्डं आली, संघटना आली. आमच्याकडं असा शब्द कधी नव्हता, कारण मॉबला जाणाऱ्याचा तो धंदा नव्हता. तो एरवी शिंपी असे किंवा वखारीत कामाला.

मीही एकदा गेलोय. पन्हाळ्याच्या पायथ्याला जत्रेचा सीन होता. आम्हा पंधरा-वीस पोरांना पिपाण्या दिल्या आणि पाळण्यापासून देवळाच्या पायरीपर्यंत पळायला सांगितलं. पत्र्याला चांदीचा कागद लावलेले रिफ्लेक्टर आमच्या तोंडावर, डोळे उघडायची सोय नाही. सात वेळा पळालो. आठव्यांदा सूर्य ढगात गेला आणि सगळे ढगाकडं बघत बसले. शूटिंग म्हणजे मुख्यतः ढगाकडं बघत बसणं, हे ज्ञान मला वयाच्या नवव्या वर्षी झालं. संध्याकाळी रांगेत दहा-दहा रुपये मिळाले. गल्लीतल्या मामांची म्हैसही त्या दिवशी कामाला होती. तिला आमच्याहून जास्त भाडं मिळालं. चित्रपट लागला तेव्हा आमचा सीन कापलेला, म्हैस मात्र पडदाभर. मामांनी सगळ्या गल्लीला स्वतःच्या पैशानं सिनेमा दाखवला.

अशा गावात नटाचं अप्रूप असतं, पण ते वेगळ्या जातीचं. आमच्या लहानपणी पडद्यावरचे दादा, काका, बाबा रस्त्यातही दादा, काका, बाबाच होते. सही कुणी मागत नसे. पडद्यावरचा एक देखणा नायक उतारवयात इथंच निसर्गचित्रं रंगवत असे. राजारामपुरीतलं त्याचं घर आज संग्रहालय आहे. एका खलनायकाची मिसळवाल्याकडं उधारी होती आणि मिसळवाला ती कौतुकानं सांगायचा, वसूल मात्र करायचा नाही. पत्ता सांगतानाही उमा टॉकीज, पद्मा टॉकीज, व्हीनस कॉर्नर. रिक्षावाला या खुणांवर गाडी हाकतो.

आता मूळ गुंत्याकडं. ‘जयप्रभा विकला’ हे वाक्य कोल्हापुरात गेली साठेक वर्षं बोललं जातंय आणि दरवेळी त्याचा अर्थ वेगळा असतो. पहिल्यांदा विकला तो १९५९ मध्ये. कर्जात अडकलेल्या स्टुडिओची मालकी गायिका लता मंगेशकरांकडं गेली. त्या परक्या नव्हत्या. वडील गेल्यावर त्यांचं कुटुंब ज्या चित्रपट कंपनीच्या आधारानं उभं राहिलं ती कंपनी कोल्हापुरातच होती आणि पोरवयात त्या याच रस्त्यांवरून चालल्या होत्या. मालकी गेली तरी बाबा तिथंच राहिले, चित्रपट काढत राहिले. त्यामुळं गावाच्या लेखी काही विकलं गेलंच नव्हतं. आमच्या आजोबांना विचारलं असतं तर त्यांनी स्टुडिओ बाबांचाच सांगितला असता, सातबारा काहीही म्हणो.

दुसऱ्यांदा विकली गेली ती भोवतालची जमीन. मूळची जागा सुमारे १३ एकर. तिच्यातला मोठा भाग पुढं घरांसाठी गेला, इमारती झाल्या, आणि मधोमध स्टुडिओसह साडेतीन एकरांच्या आसपास तुकडा उरला. या वेळी गाव फारसं बोललं नाही, हे प्रामाणिकपणे लिहायला हवं. १९९४ मध्ये बाबा गेले. ग्रामीण चित्रपटाचा बहर तोवर ओसरला होता. मुंबई-पुण्याचे शहरी विनोदी चित्रपट चालत होते, घरोघरी व्हिडिओ आणि मग केबल आली होती. फ्लोअर रिकामे पडले. मंडप टाकून बसणाऱ्यांपैकी कितीजणांनी त्या काळात तिकीट काढून मराठी चित्रपट पाहिला, हा प्रश्न मी स्वतःलाही विचारला आहे. उत्तर सांगत नाही.

तिसरी विक्री उरलेल्या तुकड्याची. २०१२ च्या सुमारास ती होणार अशी कुणकुण लागली तेव्हा मोर्चे निघाले आणि स्टुडिओ वारसास्थळांच्या यादीत गेला. मालकांना ते मान्य नव्हतं. प्रकरण कोर्टात गेलं. त्यानंतर २०२० मध्ये गाजावाजा न होता व्यवहार झाला आणि २०२२ मध्ये, लताबाईंच्या निधनानंतर काही दिवसांतच, तो बाहेर आला. या योगायोगानं आंदोलनाला एक अवघडलेपण आलं. एकीकडं श्रद्धांजलीचे फलक आणि त्याच चौकात ‘जयप्रभा वाचवा’. दोन्हीकडं माणसं तीच.

इथं ‘हेरिटेज’ या शब्दानं भलताच घोळ घातला. गावातल्या बहुतेकांची समजूत अशी की यादीत नाव गेलं म्हणजे विक्रीला बंदी. तसं नसतं. वारसा यादी वास्तू पाडण्यावर आणि बदलण्यावर बंधन आणते, मालकी बदलण्यावर नाही. म्हणजे इमारत उभी राहील, तिच्यावर नवा मालक येईल आणि आत काय चालवायचं हा प्रश्न तसाच राहील. आंदोलकांना इमारत हवी होती असं मला कधी वाटलं नाही. त्यांना आतलं काम हवं होतं. पण काम वाचवणारी यादी कुठल्याही महापालिकेकडं नसते, म्हणून इमारतीची यादी हाती धरली.

त्याहून अवघड मुद्दा अटीचा. आंदोलक सांगतात की दरबारानं ही जागा दिली ती केवळ चित्रपट व्यवसायासाठी, आणि ती अट जमिनीबरोबर चालत आली पाहिजे. दुसऱ्या बाजूचं म्हणणं साधं : खरेदीखत आहे, कर्ज आम्ही फेडलं, इतकी वर्षं तोटा आम्ही सोसला, आता आमची जागा आम्ही विकू. कागदावर हे म्हणणं कच्चं नाही. तरी मला आंदोलकांचं पारडं जड वाटतं. चित्रपटासाठी म्हणून मिळालेल्या १३ एकरांतली बहुतेक जमीन घरांसाठी गेल्यावर उरलेल्या साडेतीन एकरांपुरती ती अट आठवली, तर आठवायला उशीर झाला असं म्हणता येईल. पण ती नव्हतीच असं कसं म्हणणार? शालिनी सिनेटोन बंद पडलं आणि त्या जागेचे प्लॉट पडले, ते गावानं डोळ्यांदेखत पाहिलं होतं. एकदा फसलेला माणूस दुसऱ्या वेळी जरा मोठ्यानं ओरडतो.

सरकारचं उत्तर म्हणजे मोरेवाडीची चित्रनगरी. ऐंशीच्या दशकातली ही योजना, पण कैक वर्षं तिथं माळ, कुंपण आणि एक पाटी एवढंच. आम्ही सायकलवरून जाऊन बघून आलोय. शेळ्या चरत होत्या. गेल्या दहाएक वर्षांत मात्र चित्र पालटलं. वाडे उभे राहिले, फ्लोअर झाले, पौराणिक मालिका महिनोन् महिने तिथं चालली. वरकड माणसांना पुन्हा काम मिळालं. तरी जयप्रभाला ती पर्याय नाही, कारण मोरेवाडीला मुद्दाम जावं लागतं आणि फाटकावर नाव सांगावं लागतं. जयप्रभा भाजी आणायच्या वाटेवर होता.

मालिकांनी आणखी एक बदल केला, त्याकडं कुणाचं फारसं लक्ष गेलेलं नाही. जुन्या चित्रपटांचा आवाज जागेवर घेत नसत. संवाद मागाहून डब होत. त्यामुळं बघ्यांनी शिट्ट्या मारल्या, हसले, नटाला नावानं हाक मारली तरी बिघडत नसे. दिग्दर्शक फारतर माणसं चौकटीबाहेर सरकवायचा. मालिकेचं गणित निराळं. रोजचा भाग रोज पाठवायचा, डबिंगला वेळ नाही, म्हणून नटाच्या छातीवर माइक आणि आवाज तिथंच टिपलेला. मग कुकरची शिट्टी वाजली की टेक गेला. हेडफोन लावलेला एक पोरगा गल्लीत येतो आणि म्हणतो, ‘काकू, दहा मिनिटं गॅस बंद ठेवा की.’ पहिल्या आठवड्यात काकू गॅस बंद ठेवतात. दुसऱ्या आठवड्यात विचारतात, ‘आमची पोरं जेवायची कधी?’ पूर्वी बघ्या शूटिंगचाच भाग होता. आता त्याला श्वास रोखून उभं राहावं लागतं.

२०१६ नंतर वसगडे गावात हे ठळक दिसलं. एका पैलवानाच्या मालिकेनं तिथला वाडा महाराष्ट्रभर पोचवला. रविवारी परजिल्ह्यांतून गाड्या भरून माणसं येऊ लागली. नायकाचं पडद्यावरचं नाव घेऊन वाड्यासमोर उभं राहायचं, फोटो काढायचा, जाताना गूळ घ्यायचा. चहाच्या टपऱ्या वाढल्या. गावातून मात्र गर्दीचा त्रास होतो, चित्रीकरण नको, असाही सूर निघाला. ज्या जिल्ह्यात शूटिंग लागलं की शाळा ओस पडायच्या, तिथं कुणी ‘नको’ म्हणेल हे मला खरंच वाटलं नव्हतं.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये खासबागेशेजारचं, शाहू महाराजांच्या काळात १९१५ ला उभं राहिलेलं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. रात्री रस्त्यावर आलेली माणसं कुणाच्या घरचं गेल्यासारखी रडत होती. त्या गर्दीत जयप्रभाच्या मंडपातले बरेच चेहरे दिसले. नाट्यगृह महापालिकेचं असल्यामुळं ते पुन्हा बांधायचं की नाही, यावर वाद झाला नाही. जयप्रभाबाबत तो सोपेपणा नाही.

परवा त्या बाजूनं गेलो होतो. फाटक बंद होतं. पलीकडच्या टपरीवर एक पोरगा मोबाइलवर बोलत होता, ‘मोरेवाडीला लागलंय म्हणं. मॉबला माणसं पायजेत, सकाळी सातला.’