चंदीगड एकट्या कार्बुझिएचं नाही

‘चंदीगड स्विस-फ्रेंच वास्तुरचनाकार कार्बुझिएने एकट्याने उभारलं’ हे वाक्य शाळेपासून कानावर पडतं. ते खरं नाही, आणि त्यात अनेकांवर अन्याय होतो.

फाळणीत लाहोर गेलं. पंजाबला राजधानी हवी होती, निर्वासितांना घरं हवी होती. पहिला आराखडा अमेरिकेच्या अल्बर्ट मेयर यांनी केला; पंख्यासारखा पसरलेला, वळणदार रस्त्यांचा. त्यांचे सहकारी मॅथ्यू नोविकी १९५० साली विमान अपघातात गेले, मगच कार्बुझिएला बोलावणं गेलं. त्याने रस्ते सरळ केले, पण निवासी विभागांची मूळ कल्पना मेयर यांचीच.

विधानसभा, उच्च न्यायालय कार्बुझिएचंच काम, यात वाद नाही. पण लोक राहतात ती सरकारी घरं? ती मुख्यतः पिएर जानरे, मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्र्यू या त्याच्या सहकारी वास्तुरचनाकारांची. भाजक्या विटांची जाळी बघा: ऊन अडतं, वारा खेळतो. शिपायाच्या घरालाही स्वयंपाकघर, अंगण. सोबत युली चौधरी, आदित्य प्रकाश यांच्यासारखे भारतीय वास्तुरचनाकार होते. जानरे १९६५पर्यंत तिथेच राहिले; त्यांच्या अस्थी सुखना तलावात विसर्जित केल्या आहेत.

आणि जागाही मोकळी नव्हती. तिथली गावं उठवली गेली. निर्वासितांसाठी वसवलेल्या शहराने आणखी काही माणसं विस्थापित केली.