बांधावरची कळलावी आणि काश्मीरचं सुरंजान

दर सप्टेंबरात बागप्रेमींच्या ग्रुपवर कोल्चिकम या कंदातून उगवणाऱ्या युरोपीय फुलाचे फोटो फिरू लागतात. उघड्या मातीतून, एकही पान नसताना, थेट वर आलेली जांभळट गुलाबी फुलं. लगेच विचारणा सुरू होते: साताऱ्यात लागेल का? कंद कुठे मिळेल? तर सातारा-सांगलीत कोल्चिकम टिकत नाही. पण त्याच कुळातली, तेच कोल्चिसिन नावाचं विष अंगात बाळगणारी आणि माझ्या मते त्याहून देखणी वनस्पती आपल्याकडे करवंदीच्या जाळीत, शेताच्या बांधावर दर पावसाळ्यात आपसूक येते. ती म्हणजे कळलावी. कोणी तिला अग्निशिखा म्हणतं, कोणी खड्यानाग. शास्त्रीय नाव ग्लोरिओसा सुपर्बा, कुळ कोल्चिकेसी.

या कुळातल्या वनस्पती वर्षाचा वाईट काळ जमिनीखाली कंदात काढतात. फरक पडतो तो वाईट काळ कोणता, यावर. युरोपातल्या कोल्चिकम ऑटम्नेलला उन्हाळा सोसत नाही. वसंतात त्याची रुंद, हिरवीगार पानं वाढतात, अन्न कंदात साठवतात आणि उन्हाळा लागला की वाळून जातात. शरद ऋतूत फक्त फूल वर येतं, तेही गेल्या वसंतातल्या साठ्यावर. म्हणून तर याचा कंद टेबलावर नुसता ठेवला, माती-पाणी काही दिलं नाही, तरी तो फुलतो. आपल्याला जो देठ वाटतो ती खरं तर फुलाची लांबच लांब नळी असते. तिच्या तळाचा अंडाशय, म्हणजे बी धरतं तो भाग, मातीखाली कंदालगत असतो. फलन झालं की तो हिवाळाभर तिथेच सुरक्षित राहतो आणि पुढच्या वसंतात पानांबरोबर बोंड वर येतं. फूल एका वर्षी आणि त्याचं फळ पुढच्या वर्षी, असा हा मामला.

या वेळापत्रकाला लांबलचक थंडी लागते आणि विश्रांतीच्या काळात कोरडी माती लागते. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीतल्या काही गार रात्री त्याला पुरत नाहीत आणि मार्च उजाडतो न उजाडतो तोच पानं करपवणारं ऊन सुरू होतं. महाबळेश्वरला गारवा आहे हे खरं, पण तिथे जून ते सप्टेंबर जो धो धो पाऊस पडतो त्यात झोपलेला कंद कुजेल. भारतात कोल्चिकमचं घर हिमालयात आहे. काश्मीरच्या बाजूला बर्फ वितळताना कोल्चिकम ल्युटियमची पिवळी फुलं येतात. युनानी हकीम ज्याला कडू सुरंजान म्हणतात, तो याचाच कंद.

फोटोतलं फूल खरंच कोल्चिकम आहे का, हे पाहायचं असेल तर पुंकेसर, म्हणजे फुलातले पराग धरणारे तंतू, मोजावेत. केशराच्या जातकुळीतल्या क्रोकसशी त्याची सर्रास गल्लत होते, पण क्रोकसला पुंकेसर तीन आणि कोल्चिकमला सहा. आपल्या बागेतल्या गुलाबी रेन लिलीलाही सहाच असतात. मात्र तिचा अंडाशय पाकळ्यांच्या खाली, देठाच्या टोकावर हिरव्या गाठीसारखा दिसतो. कोल्चिकमचा वर कुठे दिसणारच नाही.

कळलावीला पुंकेसर मोजायची गरज पडत नाही. पाकळ्या सहा, कडा नागमोडी आणि सगळ्या मागे वळून वर गेलेल्या. कळी उमलते तेव्हा हिरवट असते, मग पिवळी, मग शेंदरी, शेवटी गडद लाल. त्यामुळे एकाच वेलावर एका वेळी तीन-चार रंगांची फुलं दिसतात. जरा वाकून फूल जवळून पाहावं. सहा पुंकेसर चाकाच्या आऱ्यांसारखे बाहेर पसरलेले असतात आणि अंडाशयातून निघालेला कुक्षीवृंत, म्हणजे टोकाला पराग घेणारी कुक्षी असलेला दांडा, तिथल्या तिथे काटकोनात वळून एका बाजूला गेलेला असतो. कुक्षी स्वतःच्याच फुलातल्या परागांपासून लांब राहावी अशी ही रचना आहे. फुलपाखरू पुंकेसरांशी येतं, पंखांना पराग लागतात आणि पुढच्या फुलावर ते कुक्षीला टेकतात.

गौरी-गणपतीच्या आसपास ही फुलं ऐन बहरात असतात आणि तेव्हा कोणीही वेल ओळखेल. खरी परीक्षा फुलं नसताना. तेव्हा पानाचं टोक पाहावं. ते लांबट होऊन स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं असतं, म्हणजे पानच आधाराला विळखा घालणाऱ्या तणाव्याचं काम करतं. नुकत्या उगवलेल्या कोंभाच्या खालच्या पानांना हा तणावा बहुधा नसतो, तेव्हा जूनमध्ये घाईने निष्कर्ष काढू नये, वरची पानं येऊ द्यावीत. आणि सगळ्यात महत्त्वाची ओळख कंदाची. तो नांगराच्या फाळासारखा कोनात वळलेला, दोन्ही टोकांना निमुळता, वरून तपकिरी आणि आतून पांढरा असतो. संस्कृतात त्याला लांगली म्हणतात. रताळं किंवा रानातला खायचा कंद समजून हा खाल्ल्याने भारतात आणि श्रीलंकेत माणसं दगावली आहेत. ओळख पटवायला म्हणून याचा तुकडा जिभेवर ठेवणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

लावायची असेल तर रोपवाटिकेतला कंद घ्यावा, डोंगरातून उपटून आणू नये. कंदाच्या टोकाशी असलेला नाजूक डोळा मोडला की तो कंद त्या वर्षी बहुतेक उगवत नाही, म्हणून हाताळताना जपावं, हातमोजे घालावेत. पहिल्या पावसाच्या सुमाराला खोल कुंडीत कंद आडवा ठेवून वर तीन-चार बोटं माती घालावी. कृष्णाकाठची काळी कसदार जमीन उसाला उत्तम, कळलावीला नाही. तिच्यात पाणी धरून राहतं आणि कंद सडतो. लाल माती, बारीक मुरूम किंवा वाळू आणि थोडं कुजलेलं शेणखत हे मिश्रण चांगलं. आधाराला जाड बांबू रोवून उपयोग होत नाही, कारण पानाच्या टोकाला एवढा घेर धरता येत नाही. बारीक काटक्या, जाळी किंवा तार द्यावी. बुंध्याशी सावली आणि शेंड्याला ऊन मिळालं की वेल खूश.

बी हवं असेल तर सकाळी मऊ कुंचल्याने एका वेलाचे पराग दुसऱ्या वेलाच्या फुलाच्या कुक्षीवर लावावेत. तमिळनाडूत कळलावीची शेती होते, तिथेही परागीकरण हातानेच करतात, कारण विक्री मुख्यतः बियांची असते. कोल्चिसिन हे औषधी द्रव्य कंदापेक्षा बियांत जास्त असतं. त्यामुळे औषधासाठी म्हणून रानातले कंद खणून काढणं हा वेलाचा निव्वळ नाश आहे, आणि तो थांबायलाच हवा.

हे कोल्चिसिन 1820 मध्ये पेलेतिए आणि काव्हाँतू या फ्रेंच रसायनज्ञांनी कोल्चिकमपासून वेगळं केलं. संधिवातासारख्या दुखण्यावर हे कंद वापरायची रीत मात्र त्याच्या शेकडो वर्षं आधीची. पेशीचं विभाजन होताना गुणसूत्रांच्या जोड्या दोन टोकांना ओढून नेण्यासाठी सूक्ष्म नळ्यांचं जाळं उभं राहतं. या नळ्या ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या असतात. कोल्चिसिन नेमकं त्यालाच चिकटतं, नळ्या बनतच नाहीत आणि विभाजन अर्ध्यावर अडकतं. बीएस्सीला कांद्याच्या मुळांची स्लाइड केलेल्यांना हे आठवत असेल. गुणसूत्रं सुटी, स्पष्ट दिसावीत म्हणून मुळं आधी कोल्चिसिनमध्ये ठेवतात.

विभाजन अडकलं तरी गुणसूत्रं दुप्पट झालेलीच असतात. 1937 मध्ये ब्लेकस्ली आणि एव्हरी यांनी दाखवून दिलं की कोल्चिसिनच्या मदतीने वनस्पतींत गुणसूत्रांची संख्या ठरवून दुप्पट करता येते. पुढे जपानच्या हितोशी किहारांनी असं दुप्पट केलेलं कलिंगड साध्या कलिंगडाशी संकरित केलं आणि बिनबियांचं कलिंगड मिळालं. तासगावच्या बिनबियांच्या द्राक्षांशी याचा संबंध नाही. तिकडची ‘तास-ए-गणेश’ ही थॉम्पसन सीडलेसमधून निवडलेली जात आहे. तिच्यात बी धरतं, पण त्याची वाढ मध्येच थांबते.

वातरक्तासाठी, म्हणजे गाउटसाठी, कोल्चिसिनची अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी आजही दिली जाते. हृदयविकाराचा धोका कमी करण्यासाठी 2023 मध्ये अमेरिकेत त्याच्या अल्प मात्रेला मान्यता मिळाली. पण औषधाची आणि विषाची मात्रा यांत अंतर फार थोडं. कंद पोटात गेला तर काही तासांत तोंडाची आग, उलट्या, जुलाब सुरू होतात. मग जरा बरं वाटल्यासारखं होतं आणि पुढच्या काही दिवसांत अस्थिमज्जा, मूत्रपिंड, यकृत एकेक करून कोलमडू शकतात. जगलेल्यांचे केसही दोनेक आठवड्यांनी गळतात. यावर सहज मिळणारा उतारा नाही. म्हणून चुकून खाल्लं गेलं तर उलट्या थांबल्या म्हणून घरी थांबू नये. उरलेला कंद सोबत घेऊन लगेच रुग्णालय गाठावं. बाळंतपणासाठी गावठी औषध म्हणून याचा वापर तर मुळीच नको.

या कुळातली आणखी काही मंडळी कासच्या पठारावर भेटतात: भुईचक्र, म्हणजे इफिजेनिया. गवतासारखी पानं, इवलासा कंद आणि चांदणीसारखं पसरलेलं सहा अरुंद पाकळ्यांचं जांभळट फूल. इफिजेनिया इंडिका बऱ्याच ठिकाणी सापडते, पण इफिजेनिया स्टेलाटा आणि फिकट फुलांची इफिजेनिया पॅलिडा या पश्चिम घाटाच्याच. फूल नसेल तर शेजारच्या गवतातून त्या वेगळ्या काढता येत नाहीत, म्हणून कासला पायवाट सोडून एक पाऊलही बाहेर टाकू नये. कास 2012 पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि तिथून काहीही उचलायला मनाई आहे. भुईचक्र तिथेच पाहावं, कुंडीत कळलावी लावावी.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात कळलावीची पानं पिवळी पडू लागली की पाणी तोडावं. बोंड तीन शकलांत उकलून शेंदरी-लाल बिया दिसू लागतील. मुलांना त्यांचं आकर्षण वाटतं, म्हणून त्या लगेच काढून बरणीत बंद कराव्यात. बी पेरलं तर उगवायला वेळ लागतो आणि फूल यायला तीन-चार वर्षं जातात. नोव्हेंबर ते मे कुंडीत वर काहीच दिसत नाही आणि रिकामी समजून कोणीतरी ती उकरतं किंवा तिच्यात मिरची लावतं. कुंडीवर ठळक अक्षरांत ‘कळलावी, विषारी’ लिहून ती पाऊस लागणार नाही अशा कोपऱ्यात ठेवावी आणि जूनमध्ये पुन्हा बाहेर काढावी.