कापूर हुंगून ऑक्सिजन वाढत नाही
२०२१ च्या कोरोनाच्या लाटेत फिरलेला कापूर-लवंग-ओव्याच्या पुरचुंडीचा मेसेज अजूनही येतो, हुंगत राहा म्हणजे ऑक्सिजन वाढेल, तर प्लीज ऐका, असं काही होत नाही. कापरामुळे नाकातल्या थंडावा जाणवणाऱ्या नसा चाळवतात म्हणून नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, पण आत जाणारी हवा तेवढीच आणि रक्तातला ऑक्सिजनही तेवढाच. "झाडाचाच आहे ना" म्हणाल तर पूजेचा बहुतेक कापूर आता टर्पेंटाइनपासून कारखान्यातच बनतो. मला खरी काळजी लहान पोरांची वाटते, थोडासा कापूर गिळला तरी त्यांना झटके येऊ शकतात, त्यामुळे ती पुरचुंडी बाळाच्या गळ्यात किंवा पाळण्याला अजिबात बांधू नका. दम लागत असेल तर सरळ डॉक्टरकडे जा.