रुंद टायर रस्त्याला किती टेकतो?

अमेरिकेत सिॲटलजवळ राहणाऱ्या माझ्या पुतण्याने गेल्या वर्षी एक जुनी माझदा एमएक्स-५ विकत घेतली. १९८९ साली लोकांसमोर आलेली ही दोन आसनांची, उघड्या टपाची जपानी स्पोर्ट्स कार तिकडे ‘मियाटा’ या नावाने ओळखली जाते आणि तिचे वजन जेमतेम एक टन भरते. गाडीच्या मूळ १४ इंची चाकांच्या जागी १७ इंची ॲलॉय चाके आणि त्यांवर २१५ मिलिमीटर रुंदीचे टायर बसवण्याचा त्याचा बेत होता. कारण विचारले तेव्हा त्याने दिलेले उत्तर मी पुण्यातल्या टायरच्या दुकानांतही अनेकदा ऐकले आहे : टायर जितका रुंद, तितके जास्त रबर रस्त्याला टेकते आणि तितकी पकड वाढते. या विधानाचा शेवट बऱ्याच अंशी खरा आहे, पण त्यासाठी दिलेले कारण चुकीचे आहे, आणि चुकीच्या कारणावर विसंबून टायर निवडला की निवडही चुकते.

आधी टायरवरचे आकडे वाचू. या गाडीचा मूळ टायर १८५/६० आर १४ असा आहे. १८५ ही टायरची मिलिमीटरमधली रुंदी, ६० म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६० टक्के, ‘आर’ म्हणजे रेडियल रचना आणि १४ हा रिमचा इंचांतला व्यास. यावरून चाकाचा एकूण व्यास काढता येतो : रिमचे ३५५.६ मिलिमीटर, अधिक वरची आणि खालची १११ मिलिमीटरची भिंत, मिळून सुमारे ५७८ मिलिमीटर. पुतण्याने निवडलेल्या २१५/४० आर १७ या टायरचा व्यास सुमारे ६०४ मिलिमीटर येतो, म्हणजे साडेचार टक्के जास्त. स्पीडोमीटर चाकाचे फेरे मोजत असल्यामुळे काटा १०० दाखवील तेव्हा गाडी साधारण साडेचार टक्के अधिक वेगाने धावत असेल. शिवाय प्रत्येक गिअर तेवढाच ‘लांब’ होईल आणि आधीच लहान असलेल्या १.६ लिटर इंजिनाची ओढ तेवढी कमी जाणवेल. याउलट १९५/५० आर १५ या टायरचा व्यास ५७६ मिलिमीटर, म्हणजे मूळ व्यासाला जवळजवळ तंतोतंत जुळणारा. व्यासाचा प्रश्न एवढ्यावर संपतो.

आता मुख्य मुद्दा. चालकासह गाडीचे वजन सुमारे १००० किलो धरले, तर प्रत्येक चाकावर २५० किलो येतात. या गाडीच्या टायरमध्ये २६ पीएसआय (दर चौरस इंचावर २६ पौंड) दाबाची हवा भरण्याची शिफारस आहे. हा भार मुख्यतः आतल्या हवेच्या दाबाने पेलला जातो, म्हणून भाराला दाबाने भागले की रस्त्याला टेकलेल्या भागाचे क्षेत्रफळ ढोबळमानाने मिळते : सुमारे १३७ चौरस सेंटिमीटर, म्हणजे बोटांसकट एका पंजाएवढे. या भागाकारात टायरची रुंदी कुठेही येत नाही. भार तोच आणि हवेचा दाब तोच असेल, तर टायर रुंद केल्याने टेकणारे क्षेत्रफळ फारसे बदलत नाही, त्याचा आकार बदलतो. १४ सेंटिमीटर रुंद आणि जवळजवळ १० सेंटिमीटर लांब असलेला ठसा १६ सेंटिमीटर रुंद आणि साडेआठ सेंटिमीटर लांब होतो.

मग पकड वाढते कशी? शाळेत आपण शिकलो की घर्षणबल संपर्काच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते, ते भार आणि घर्षणगुणांक यांच्या गुणाकाराएवढे असते. लाकडी ठोकळ्यांसाठी हा नियम चांगला चालतो, परंतु रबर तो पाळत नाही. मऊ रबर डांबरातल्या खडीच्या बारीक उंचवट्यांभोवती दबून बसते, काही प्रमाणात रेणूंच्या आकर्षणाने चिकटते आणि सरकताना स्वतः विकृत होऊन ऊर्जा खर्च करते. दाब वाढवत नेला, तर हा खरा सूक्ष्म स्पर्श त्याच प्रमाणात वाढत नाही, कारण रबर खाचांमध्ये आधीच बरेचसे शिरलेले असते. म्हणून भार दुप्पट केला की पकड दुपटीपेक्षा थोडी कमी वाढते. टायर निवडीतला बहुतेक गुंता या एका गुणधर्मातून निघतो.

वळणावर काय घडते ते या दृष्टीने पाहू. टायरच्या पृष्ठभागावर ब्रशसारखे असंख्य लवचिक केस उभे आहेत अशी कल्पना करावी. अभियंतेही हे प्रारूप वापरतात. चाक थोडे वळवले की चाकाचे तोंड एका दिशेला आणि त्याचा प्रत्यक्ष प्रवास किंचित वेगळ्या दिशेला होतो, आणि या दोन दिशांमधल्या कोनाला स्लिप अँगल म्हणतात. ठशाच्या पुढच्या कडेला नवा केस रस्त्यावर टेकतो तेव्हा तो सरळ असतो. त्याचे टोक रस्त्याला चिकटून राहते आणि बुंधा चाकाबरोबर आडवा सरकत जातो, त्यामुळे मागच्या कडेकडे जाताना तो अधिकाधिक वाकतो. वाकलेल्या सगळ्या केसांच्या ताणाची बेरीज हेच गाडीला वळवणारे बल. एका मर्यादेपलीकडे वाकलेला केस मात्र टोकापासून सुटतो आणि घसरू लागतो. म्हणून ठशाच्या मागच्या भागातले रबर घसरत असताना पुढच्या भागातले चिकटलेले असते, आणि स्लिप अँगल वाढत गेला की घसरणारा भाग पुढे पुढे सरकतो. ठसा आखूड असेल तर केसाला वाकायला अंतर कमी मिळते, त्यामुळे त्याच कोनात ठशाचा मोठा हिस्सा चिकटलेला राहतो.

याच वेळी गाडीचा भार वळणाच्या बाहेरच्या चाकांवर सरकतो. समजण्यापुरते आकडे घेऊ. दोन्ही पुढच्या चाकांवर प्रत्येकी २५० किलो आणि घर्षणगुणांक १ असेल, तर एकूण पकड ५०० किलोच्या बरोबरीची. वळणावर बाहेरच्या चाकावर ४०० आणि आतल्यावर १०० किलो आले, बाहेरच्याचा गुणांक ०.९ वर घसरला आणि आतल्याचा १.०५ पर्यंत चढला, तर बेरीज ३६० अधिक १०५, म्हणजे ४६५ भरते. गाडीचे वजन कमी झालेले नाही, तरी पकड घटली. रुंद टायरचा खरा उपयोग येथे आहे : अतिभारित बाहेरच्या टायरमधला भार तो अधिक समान पसरवतो, त्याचा गुणांक हळू घसरतो आणि घर्षणाची उष्णता जास्त रबरात वाटली जाते.

मात्र रुंद टायर अरुंद रिमवर चढवला तर हा लाभ बराचसा वाया जातो, कारण त्याच्या भिंती आत झुकतात आणि वळणावर आडव्या डोलतात. १९५/५० आर १५ टायरसाठी साडेपाच ते सात इंच रुंदीचे रिम मान्य आहेत. भिंती ताठ ठेवण्यासाठी मी वरच्या टोकाचा, सात इंचांचा रिम सुचवला. मूळ रिम साडेपाच इंचांचा असल्यामुळे दोन्ही बाजूंना १९ मिलिमीटरची भर पडते. मूळ ऑफसेट ४५ आहे, म्हणजे हबला (चाक ज्यावर बसवतात त्या गाडीच्या मधल्या भागाला) टेकणारी बाजू रिमच्या मध्यरेषेपासून ४५ मिलिमीटर बाहेर. नवा ऑफसेट ३५ घेतला तर चाक १० मिलिमीटर बाहेर सरकते, म्हणजे मडगार्डच्या बाजूला २९ आणि सस्पेन्शनच्या बाजूला ९ मिलिमीटर जागा खाल्ली जाते. चाक फार बाहेर काढले तर खड्डा लागताच स्टिअरिंगला हिसके बसतात, म्हणून केवळ दिसण्यासाठी ऑफसेट कमी करू नये.

मोठ्या रिमविरुद्ध आणखी एक कारण आहे. चाक पुढे जाते आणि फिरतेही, त्यामुळे अगदी बाहेरच्या कडेला असलेला एक किलो, गाडीचा वेग वाढवताना जवळजवळ दोन किलोंएवढा विरोध करतो. १७ इंची चाकात धातू मध्यापासून दूर जातो आणि उरलेली ८६ मिलिमीटरची भिंत खड्ड्याचा धक्का रिमपर्यंत सहज पोचवते. पावसाचा विचारही आवश्यक आहे. रुंद आणि आखूड ठशाला समोरचे पाणी जास्त आणि कमी वेळात बाजूला सारावे लागते, त्यामुळे टायर पाण्यावर तरंगण्याचा धोका वाढतो. सिॲटलसारख्या पावसाळी शहरात, तीही इतक्या हलक्या गाडीवर, ही बाब गंभीर आहे.

आपल्याकडे नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू चिरडतात. त्याने चाकाचे रक्षण होत नाही, आणि तेवढ्याच वेळात चारही टायरची हवा तपासली तर खरोखर होते. नायट्रोजन भरल्याने पकड वाढते हा दावाही पैसे काढण्यापुरताच आहे, कारण साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच, आणि तापमान वाढले की दोन्हींचा दाब जवळजवळ सारखाच वाढतो.

पुतण्याने अखेर १५ इंची, सात इंच रुंद, ३५ ऑफसेटचे रिम आणि १९५/५० आर १५ ८२व्ही टायर मागवले. ८२ म्हणजे प्रत्येक टायर ४७५ किलो पेलतो, आणि व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटरपर्यंत मान्यता. रिमचे मधले भोक हबपेक्षा मोठे निघाले, म्हणून ५४.१ मिलिमीटरच्या हबवर बसणारी वलये त्याने वेगळी आणली. चाके बसवल्यावर स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून आणि सस्पेन्शन दाबून टायर कुठे घासत नाही हे त्याने पाहिले, आणि शंभरेक किलोमीटर चालवून झाल्यावर नट पुन्हा टॉर्क पान्याने, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने, आवळले.