मनगटाला काय कळतंय गुडघ्याचं?

आईच्या डाव्या गुडघ्याची वाटी बदलली, त्याला तीन आठवडे झाले होते. (आपण 'वाटी' म्हणतो खरं, पण मुख्यतः बदलतात ती मांडीच्या आणि नडगीच्या हाडांची झिजलेली टोकं. त्यांवर धातू बसवतात, मध्ये प्लॅस्टिकची चकती.) गंगापूर रोडच्या आमच्या घरात वॉकर धरून हॉल ते गॅलरी अशा तिच्या फेऱ्या सुरू होत्या. मनगटावर भाच्याने दिलेलं स्मार्टवॉच. एकदा मी मागे चालत तिची पावलं मोजली, बरोबर १०० भरली. घड्याळात वाढली १८.

"अरे, मग मी चालले नाही का?"

दुपारी तिने खुर्चीत बसून चार पोळ्या लाटल्या. तेव्हा मात्र आकडा भराभर चढला!

घड्याळात ॲक्सेलरोमीटर असतो. सिलिकॉनचा एक सूक्ष्म तुकडा जणू स्प्रिंगवर टांगलेला. हिसका बसला की तो हलतो आणि विजेच्या मापात फरक पडतो. त्या हिसक्यांच्या लयीवरून घड्याळ पावलं ताडतं. वॉकरवर हात घट्ट रोवलेले, चाल संथ, दुखरा पाय अलगद टेकवलेला. मग लय सापडणार कुठून? शिवाय बरीच घड्याळं सलग काही पावलं पडल्याशिवाय मोजणीच सुरू करत नाहीत. पलंगापासून बाथरूमपर्यंतची चाल म्हणूनच हिशेबात येत नाही.

ताशी तीन किलोमीटरच्या खाली मनगटावरची आणि कमरेवरची यंत्रं बरीच चुकतात. संशोधक व्हिडिओ पाहून एकेक पाऊल मोजतात आणि यंत्राचा आकडा त्याच्याशी ताडून पाहतात. अशा वेळी घोट्याला बांधायचं स्टेपवॉच बहुधा सरस ठरतं. ते एकाच पायाची पावलं मोजतं, नंतर दुप्पट करतात. मांडीला चिकटवायचं ॲक्टिव्हपाल मला जास्त हुशार वाटतं. बसलं की मांडी आडवी, उभं राहिलं की सरळ. गुरुत्वाकर्षणाची दिशा पाहून ते हे ओळखतं. माणूस दिवसातले किती तास खुर्चीत होता आणि किती वेळा उठला, हे ऑपरेशननंतर पावलांइतकंच महत्त्वाचं.

गुडघा किती वाकतो, हे मात्र यातलं कुठलंच घड्याळ सांगत नाही. त्यासाठी फिजिओथेरपिस्टचा कोनमापकच लागतो. आणि ते १०,००० पावलांचं लक्ष्य? ते १९६५ मध्ये जपानमध्ये विकायला आलेल्या एका पावलं मोजण्याच्या यंत्राच्या नावातून रूढ झालं. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवरच्या मंडळींना ते लखलाभ. आईने कालच्यापेक्षा चार फेऱ्या जास्त मारल्या तरी आम्ही खूश.

आम्ही घड्याळ उजव्या पायाच्या मोज्यात सरकवलं, कारण डावा घोटा सुजलेला होता. पुन्हा १०० पावलं मोजली, घड्याळाने ९१ दाखवली. आईची एकच तक्रार आहे: वेळ बघायला वाकावं लागतं, आणि गुडघा अजून तेवढा वाकत नाही.