चौघांच्या डावात 'आधी मारेल तो जिंकेल'? नाही बा!

धरमपेठेत तर्री-पोहे आटोपून 'मॅजिक: द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळाचा डाव मांडला, की कोणीतरी हमखास सांगतंच, "स्वस्त, झटपट हल्ल्याचा डेक (पत्त्यांचा संच) घे, जिंकशील." दोघांच्या खेळात हे पटतं. समोरच्याचे लाइफ, म्हणजे जिवाचे गुण, 20. एक लाल माना (पत्ता खेळायला लागणारी जादूची शक्ती) खर्चून टाकलेला 'लाइटनिंग बोल्ट' हा पत्ता त्यातले 3 उडवतो.

याच खेळाच्या कमांडर प्रकारात मात्र बहुतेक चौघे बसतात, प्रत्येकाचे लाइफ 40. म्हणजे तुम्हाला 120 संपवायचे. त्यात 3 म्हणजे भरल्या पेटीतून तीन संत्री उचलल्यासारखं! शिवाय 100 पत्त्यांच्या डेकमध्ये बेसिक लँड (माना देणारे साधे पत्ते) सोडली तर प्रत्येकाची एकच प्रत चालते. चार बोल्ट भरायची सोयच नाही.

खरी गोम पुढेच आहे. तुम्ही एक पत्ता घालवून एकाचा प्राणी (लढणारा पत्ता) मारला, की तुम्हा दोघांचा एकेक पत्ता गेला आणि उरलेले दोघे फुकटात पुढे. म्हणून चार मानात सगळ्यांचेच प्राणी साफ करणारा 'रॅथ ऑफ गॉड' इथे भाव खातो. आक्रमक डेक जिंकतच नाही असं नाही: एकाच कमांडरने, म्हणजे डेकच्या म्होरक्या पत्त्याने, लढाईत कोणाला 21 डॅमेज दिलं, तर तो बाद, लाइफ कितीही असो. पण तिसऱ्याच टर्नला गरजलात, तर तिघंही तुमच्यावरच उलटतात बे.