उपशामक सेवा आणि पाळीव प्राणी

बऱ्या न होणाऱ्या आजाराच्या अखेरच्या टप्प्यातील व्यक्तीला आपला कुत्रा, मांजर वा पक्षी शेवटपर्यंत जवळ ठेवता यावा म्हणून केली जाणारी मदत. प्राण्याला खाऊ घालणे, फिरवणे, लसीकरण, रुग्ण दवाखान्यात असताना सांभाळ आणि त्याच्या पश्चात नवे घर शोधणे ही कामे तीत येतात.

या सेवेच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. प्राण्याच्या सहवासाने आजाऱ्याला बरे वाटते ही कल्पना जुनी आहे. इंग्लंडमधील यॉर्क रिट्रीट या मनोरुग्णालयाच्या (स्थापना १७९६) अंगणांत ससे व कोंबड्या ठेवल्याचे उल्लेख सापडतात. दीर्घकाळ अंथरुणावर असलेल्यांना लहानसा पाळीव प्राणी चांगली सोबत करतो, असे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९-६० च्या सुमारास लिहिले. बोरिस लेव्हिन्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६२ मध्ये आपल्या कुत्र्याला ‘सहचिकित्सक’ म्हटले. काही अभ्यासक सेवेची परंपरा येथपर्यंत मागे नेतात. परंतु या सर्व उदाहरणांत प्राणी हे उपचाराचे साधन आहे. रुग्णाच्या स्वतःच्या कुत्र्याला सकाळी कोण फिरवणार, हा प्रश्न तेथे उद्भवतच नाही. म्हणून आरंभ १९८० च्या दशकात मानणे अधिक सयुक्तिक दिसते. ब्रिटनमध्ये वृद्ध व मरणपंथाला लागलेल्या व्यक्तींसाठी ‘सिनॅमन ट्रस्ट’ १९८५ मध्ये स्थापन झाला. सॅन फ्रान्सिस्कोतील ‘पॉज’ ही संस्था साधारण १९८६-८७ ची. एड्सच्या रुग्णांना मिळणारे फुकट अन्न ते आपल्या प्राण्यांना घालतात, असे तेथील कार्यकर्त्यांच्या लक्षात आले आणि काम सुरू झाले. सनावळीत ब्रिटिश संस्था आधी येत असली, तरी वैद्यकीय आक्षेपांशी खरा सामना सॅन फ्रान्सिस्कोतच झाला.

हा आक्षेप मुख्यतः टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीबद्दल होता. त्याची अंडी मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडतात, त्यामुळे ‘मांजर देऊन टाका’ असा सल्ला सर्रास दिला जाई. प्रत्यक्षात मांजर बहुधा आयुष्यात एकदाच, एक ते तीन आठवडे, ही अंडी टाकते आणि ती संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस लागतात. मांजराचा ट्रे रोज, आणि रुग्णाऐवजी दुसऱ्याने, साफ केला की धोका बराच घटतो. शिवाय एड्सच्या रुग्णांत मेंदूला होणारा हा विकार बहुतेक वेळा शरीरात आधीपासून दबलेला संसर्ग उफाळल्याने होतो. मांजर घालवून तो टळत नाही. अमेरिकी सार्वजनिक आरोग्य सेवेच्या १९९५ च्या मार्गदर्शक सूचनांनी प्राणी सोडण्याऐवजी खबरदारीवर भर दिला. भारतात खबरदारीच्या यादीत रेबीजची लस सर्वांत वर ठेवावी लागते. प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णाला साधे ओरखडले गेले तरी लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडे) द्यावे लागते.

उलट बाजूचा, म्हणजे रुग्णाच्या औषधांपासून प्राण्याला असलेला, धोका दुर्लक्षित राहतो. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराच्या जिवावर बेतू शकते. फेंटानिल या तीव्र वेदनाशामकाचा पॅच दंडावर लावलेला असेल आणि कुत्रा तो चाटत असेल, तर नवा पॅच कपड्याखाली येईल अशा जागी लावावा. काढलेला पॅच चिकट बाजू आत दुमडून टाकावा, उघड्या कचऱ्याच्या डब्यात नव्हे. कॅपेसिटाबिनसारख्या केमोच्या गोळ्या कुत्र्याला घातक ठरतात. मूत्रपिशवीची नळी दाताने ओढणे हा पिल्लांचा हमखास उद्योग.

पुण्यात वारजे येथील सिप्लाचे उपशामक सेवा केंद्र १९९७ पासून कर्करुग्णांसाठी विनामूल्य काम करते. पण बहुसंख्य रुग्ण घरीच असतात. मुले परदेशी, जोडीदार सत्तरीचा आणि घरात लॅब्रडॉर, अशी कोथरूड-औंधकडची परिस्थिती असते. सेवा मग कामाच्या मावशी, वॉचमन, शेजारी आणि पैसे घेऊन कुत्री फिरवणारी मुले यांच्यात वाटली जाते. फ्रिजवर एक कागद चिकटवलेला असतो: जेवणाची वेळ, पशुवैद्याचा नंबर, लशीची तारीख, कोणावर भुंकतो. पेठेतल्या मांजराला असा कागद लागत नाही, ते आधीच चार घरचे असते.

सोसायटीचा विरोध हा पुण्याचा जुना विषय. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांनुसार सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. प्राणी उपाशी-तहानलेला राहील अशा स्थितीत सबळ कारणाविना सोडून देणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाच्या कलम ११ खाली गुन्हा आहे.

प्राण्याच्या नावे इस्टेट ठेवता येत नाही, कारण कायद्याच्या दृष्टीने तो स्वतःच मालमत्ता आहे. १८८२ च्या न्यास अधिनियमानुसारही लाभार्थी मालमत्ता धारण करण्यास सक्षम ‘व्यक्ती’ असावी लागते. म्हणून मृत्युपत्रात प्राणी आणि त्याच्या खर्चाची रक्कम एकाच विश्वासू माणसाला देण्याचा मार्ग वापरतात. त्याने नकार दिल्यास दुसरे नावही लिहितात. मात्र मृत्युपत्र बहुधा तेराव्यानंतर उघडले जाते आणि कुत्र्याला त्याच संध्याकाळी जेवायचे असते. त्यामुळे सांभाळणाऱ्याकडे घराची किल्ली आणि लसीकरणाचे कार्ड आधीच देऊन ठेवणे श्रेयस्कर.